बगळ्यांच्या चिंचा

खाडीच्या झाडीत शिरण्याआधी ते एक टाळी वाजवायचे. एकच. मग कान देऊन थोडा वेळ थांबायचे आणि त्यानंतरच पहिलं पाऊल चिखलात टाकायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा साप पळवतोय. मी तसं विचारलंही.

"साप कशाला पलेल? त्याला कान हायेत कुठं?" ते म्हणाले. "कोनाच्या घरान शिरताना आपुन हाक मारतो ना, सायेब? आलो म्हनून सांगायला नको?"

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पावणे गावाच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या त्यांच्या गावात त्यांची माणसं अजून आहेत, आणि या हकिगतीतला देवही अजून तिथेच आहे. गावात लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. मीही तेच म्हणायला लागलो.

शहात्तर-सत्त्याहत्तरचा सुमार असेल. मी मराठवाड्यातून नुकताच आलेला सर्व्हेअर. नोकरी कायम व्हायची होती. वाशीला एक खोली मिळाली होती आणि तेव्हाच्या वाशीत माणसं मोजकी, डास मात्र पोटभर. रोज सकाळी आमची जीप खाडीकडेच्या गावांत जायची. कारखान्यांसाठी जमिनी घ्यायच्या होत्या, त्या मोजायचं काम आमच्याकडे. मोजणीची साखळी ओढायला गावातलीच माणसं रोजावर घ्यायची पद्धत होती. नाना त्यांतले एक. साठीला टेकलेले, पोटऱ्यांवर मिठाने पडलेले पांढरे चट्टे. जन्म मिठागरात गेला, मिठागर बंद झालं तेव्हा साखळी हातात आली. ज्या बांधावर उभं आयुष्य काढलं, तो किती फूट आहे हे ते आता मला ओरडून सांगत होते. त्याबद्दल त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

फील्डबुकात शेऱ्याचा एक रकाना असतो. तिथे मी खाडीकाठच्या पट्ट्यापुढे 'पडीक, दलदल' असं लिहीत होतो. नानांना वाचता येत नव्हतं, पण मी इतक्या भरभर काय लिहितोय याची त्यांना उत्सुकता असायची.

"काय लिवलाव?"

"पडीक."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि बोट दाखवत गेले. ही निवटी, मासा असून चिखलावर चालते. ही चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची बिळं, ज्या बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल ते भरलेलं. हे तिवराचे श्वास घ्यायचे कोंब, यांच्यावर पाय देऊ नका, झाड गुदमरतं. तो पलीकडे खंड्या. ही काल रात्रीची कोल्ह्याची पावलं, चिंबोऱ्या खायला येतो. शेवटी तिवराचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं.

"चाटा."

मी चाटलं. पान खारट होतं. झाड खाडीतलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

"जलमभर आमी मीठ काडला, तसा हा झारपन काडतंय," नाना म्हणाले. "आणि तुमी पडीक लिवताव. सायेब, हितं पाय ठेवायला जागा नाय एवरी वस्ती हाय."

शेरा मी बदलला नाही. बदलून लिहिणार तरी काय? त्या रकान्यात चालणारे शब्द ठरलेले होते.

त्यांच्या कामाची एक खोड मला फार उशिरा कळली. एकदा एका हद्दीचं माप काही केल्या जुळेना. तीनदा आकडेमोड केली, रॉकेल जाळलं, डोकं पिकलं. दुसऱ्या दिवशी जागेवर गेलो तर एक खुंट ओळ सोडून हातभर बाजूला ठोकलेला. "नाना, हे काय?" नानांनी खुंटाच्या मूळ जागी बोट केलं. उघड्या मातीत टिटवीची चार अंडी होती, दगडांत दगड. मी भरपूर चिडलो आणि खुंट तिथेच राहू दिला. पुढे त्या हद्दीवर कारखान्याची भिंत उठली. ती मधेच हातभर वाकलेली आहे आणि तिच्यामागचं कारण या जगात दोघांनाच ठाऊक होतं.

गावाच्या आणि खाडीच्या मधे नऊ जुन्या चिंचा होत्या. पावसाळ्याच्या तोंडी तिथे बगळे उतरायचे. पांढरे बगळे, ढोकऱ्या, लाल डोळ्यांचे रातबगळे. एकेका चिंचेवर इतकी घरटी की पान दिसू नये. खाली माशांचा वास, विष्ठेचा सडा आणि दिवसभर पिल्लांचा कलकलाट. गावातली माणसं नाक मुरडून बाजूने जायची. नाना मात्र पावसाळाभर संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. घरट्यातून पडलेलं पिल्लू शिडी लावून परत ठेवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. गावात त्यावरून चेष्टा चालायची, नानांची पोरं म्हणून. नाना ती चेष्टा मुकाट्याने ऐकून घेत, आणि मला वाटतं, त्यांना ती आवडतही असावी.

त्या चिंचा मोजणीच्या पट्ट्यात होत्या. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

एका रविवारी मी त्यांना कर्नाळ्याच्या अभयारण्यात घेऊन गेलो. पनवेलहून एस.टी.ने. फाटकाशी उतरल्यावर नानांनी आपली टाळी वाजवली. सहलीला आलेलं एक कुटुंब हसलं. आत सावरी लालभडक फुलल्या होत्या आणि त्यांवर कोतवाल भांडत होते. एक लांब शेपटीचा पांढरा पक्षी डोक्यावरून फीत उडावी तसा गेला. नाना मान वर करून इतका वेळ बघत राहिले की मी त्यांच्या दंडाला धरलं. परतताना त्यांनी फाटकावरची पाटी वाचून दाखवायला सांगितली. येथे पक्ष्यांना मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे, वगैरे.

"सरकारनी लावली ही पाटी?"

"हो."

"म्हंजे सरकारला पाखरां ठावं हायेत!" त्यांचा चेहरा उजळला. "मंग आपल्या चिंचांना लावा ना एक. आमची पाखरां हितं येनार नाय. त्यांना डोंगर नको, चिखोल पायजे."

मी अर्ज लिहिला. खाली नानांनी अंगठा दिला. नऊ झाडं आणि मागचा तिवरांचा पट्टा राखून ठेवावा, अशी नम्र विनंती. उत्तर आलं नाही. नाना आठवड्याला एकदा विचारायचे, "आली का पाटी?" मग विचारायचे थांबले.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. साखळी गुंडाळताना, माझ्याकडे न बघता.

"सायेब, देवाची जागा तुमी सोरताव ना?"

देवस्थान, विहीर आणि मसणवट मोजणीतून वगळायची, असा आम्हाला हुकूम होता. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत मोठ्या चिंचेच्या बुंध्याशी एक दगड उभा होता. ताजा शेंदूर, वर दोन झेंडूची फुलं. दगड मी ओळखला. मिठागराच्या मोडक्या बांधावरचा, ज्याच्यावर नाना कोयता परजायचे तो. पाठीवर कोयत्याच्या धारेने पडलेली खोल खाच होती.

"नाना, हा काल नव्हता."

"तुमी नीट बगितला नसंल," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या दिवसांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होता.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. अशा घरातल्या मुलाने सरकारी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'देवस्थान व चिंचेची झाडे, नग नऊ, वगळावी.' आणि नोकरीत मी केलेलं ते एकच चांगलं काम आहे असं मला वाटलं. चिंचा वाचल्या. त्या वर्षीचे बगळे नेहमीसारखे उतरले आणि नाना माझ्यासाठी टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन थेट वाशीला आले.

पुढची चूक आमच्या दोघांची. दगडाला शेंदूर लावला की तो आपला राहत नाही, हे नानांना कळायला हवं होतं. निदान मला तरी.

आधी बायका नारळ फोडू लागल्या. मग कुणाचा तरी मुलगा कंपनीत लागला, तो चिंचेखालच्या देवाला बोललेल्या नवसामुळे. मग देवाला नाव मिळालं, चिंचोबा. नाना सुरुवातीला मला हसत हसत सांगायचे, "आज चिंचोबाला कोंबरा मिलाला." पुढे पुढे ते हसेनासे झाले. गावात कारखान्यांमुळे पैसा आला होता, पक्की घरं झाली होती, आणि देवच तेवढा उघड्यावर राहिला होता. ऐंशीनंतर कधीतरी मंडळ निघालं. दगडाभोवती सिमेंटचा चौथरा झाला, दगडाची पाठ त्यात कायमची गेली, आणि पुढून चांदीचा मुखवटा चढला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पावसाळाभर देवाच्या डोक्यावर बगळे घाण करतात.

ठरलं की चिंचा तोडायच्या आणि वर पत्रा घालायचा.

गावकीच्या बैठकीत नाना उभे राहिले आणि म्हणाले, "यो देव नाय. यो दगड मी मांडलाय, झारां वाचवाला." लोक आधी हसले, मग चिडले. पुरावा मागितला. पुरावा होता, पाठीवरची खाच, पण ती सिमेंटात गेली होती. तेव्हा नाना म्हणाले, "मोजनीवाल्या सायबाना इचारा. त्याना ठावं हाय."

आणि ते मला विचारायला आले. मंडळाचे दोघे आणि मधे नाना, धुतलेलं धोतर नेसलेले. मी कायम झालो होतो, पोर शाळेत जात होतं. शेजारच्या टेबलावर आमचे साहेब बसले होते.

"सायेब, नकाशावर देवस्थान लिवलाय, ता खरा का खोटा?" मंडळाच्या एकाने विचारलं.

खोटं म्हणालो असतो तर मी सरकारी कागदात खोटं लिहिलं असं ठरत होतं. शिवाय देवस्थान रद्द झालं असतं, जागा कारखान्याकडे गेली असती आणि चिंचा तरीही पडल्या असत्या. हे दुसरं कारण मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या क्षणी मात्र मला फक्त साहेबांचं टेबल दिसत होतं. मी घाबरलो होतो, इतकंच.

"नकाशात आहे ते बरोबर आहे," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोसलं असतं. ते हळूच मान हलवत म्हणाले, "बराबर. सरकारी कागद हाय." मग मंडळाच्या माणसांकडे वळून त्यांनी हात जोडले. "मंग एक करा. पोरां उराला लागली का मंग तोरा."

तेवढं मात्र गावाने ऐकलं. पिल्लं उडून जाईपर्यंत कुणी कुऱ्हाड लावली नाही. दिवाळीनंतर तीन दिवसांत नऊ चिंचा आडव्या झाल्या.

मी नंतर एकदाच त्यांच्या घरी गेलो, पुढच्या पावसाळ्यात. ते ओटीवर बसले होते. मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो, शब्द जुळवलेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. चहा मागवला आणि सांगायला लागले की बगळे आले होते, वेळेवर आले होते. तीन दिवस पत्र्यावर घिरट्या घातल्या, काही जण पत्र्यावर बसायला बघत होते, पाय भाजत होते. मग गेले. कुठल्या दिशेला ते त्यांना दिसलं नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"तुमी खारीकडं जाता का आता?" त्यांनी मला विचारलं.

"कामापुरता."

"जाल तवा टाली वाजवा. मना आता चालवत नाय."

मी वाजवीन म्हणालो. वाजवली नाही. साहेब झालो होतो, हाताखालच्या माणसांसमोर लाज वाटायची.

नाना गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही जीपच्या ड्रायव्हरकडून, बोलता बोलता. त्या संध्याकाळी मी एकटाच गावात गेलो. देवळात आरती नुकतीच झाली होती. पत्र्याखाली ट्यूबलाइट लावली होती, फरशी धुऊन स्वच्छ केलेली होती, माशांचा वास कुठेही नव्हता. लोक येत होते, दारातली घंटा वाजवून आत जात होते. आलो म्हणून सांगत होते.

मी चपला काढल्या. घंटेला हात लावला नाही. चांदीच्या मुखवट्यासमोर उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. मग नानांसारखाच थांबून कान दिला.

"कोनाला बोलावताव?" पुजाऱ्याने विचारलं.

मी मागे वळून चपला घातल्या. ज्याला सांगायचं होतं तो माणूस गेला होता, आणि ज्यांना तो सांगायचा, ती पाखरंही तिथे राहिली नव्हती.