कस्टमनं काढलेला मुहूर्त

माझ्या लग्नाचा मुहूर्त भटजीनं नाही, मुंबईच्या कस्टमनं काढला. हे मी हसत सांगते आणि ऐकणारेही हसतात. हसू द्या. ज्याचं जळते त्यालेच कळते.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बाबा सौंसरला शाळेत गणिताचे मास्तर. माझ्याहून मोठा एकच भाऊ, आमचा दादा, तो कुवेतला पाइपलाइनवर फिटर होता. उन्हाळ्यात सुट्टीवर आला की घरात टेपरेकॉर्डर, साबण, बाबांना घड्याळ असं काहीबाही यायचं, आणि गल्लीतल्या बाया ते साबण हुंगायला यायच्या. दादाचं स्वप्न लहानसंच होतं. आणखी पाच-सहा वर्षं तिथं काढायची, मग सौंसरच्या बस स्टँडजवळ मोटरपंप दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकायचं. जागासुद्धा पाहून ठेवली होती त्यानं.

त्याच सुट्टीत माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा पांढुर्ण्याचा, घरची धान्याची आडत. त्यांची मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी सहज विचारावं तसं दादाला विचारलं, "तिकडं मोटारसायकल केवढ्याची पडते हो?"

दादा भोळा. फुशारकीत बोलून गेला, "दोन महिन्यांच्या पगारात येते."

झालं! सासऱ्यांनी बाबांकडं वळून म्हटलं, "इवाई, आम्हाले रोख-फिख काही नाही पाहिजे. आम्ही काही तसले लोक नाही. पोराची हौस आहे तेवढी करा. फॉरेनची मोटारसायकल. तुमचा पोरगा तिथंच राहते, दोन महिन्यांची तर गोष्ट आहे."

आम्ही तसले लोक नाही! आतल्या खोलीत मी हे ऐकलं आणि माझी कानशिलं तापली. पण बाबांनी मान डोलावली होती, सुपारी फुटली होती, बायांनी कुंकू लावून घेतलं होतं.

पाहुणे गेल्यावर दादानं खरं काय ते सांगितलं. अशी गाडी तिकडून कोणी कोणाला भेट म्हणून पाठवू शकत नाही. परदेशातली नोकरी सोडून जो कायमचा परत येतो, त्यालाच ती सोबत आणता येते. तीही तिथं स्वतःच्या नावावर वर्षभर वापरलेली पाहिजे. इथं आणल्यावर काही वर्षं विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि एवढं करून वर ड्युटी भरायची ती वेगळीच.

मोहगावचे मामा तिथंच मांडी घालून बसले होते, ते म्हणाले, "कस्टम म्हणजे काय बे, मुंबईची चुंगीच ना? मी पाहून घेतो. आजवर संत्र्याच्या कितीक गाड्या काढल्या नाक्यातून."

आमच्याकडं कर म्हटला की तो एकच माहीत. गावाच्या तोंडाशी चुंगीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आडवा बांबू, खाटेवर बसलेला मुंशी. पावती फाडली की बांबू वर. मुंशी ओळखीचा निघाला तर पावतीही नाही, चार संत्री त्याच्या झोळीत टाकायची. सरकार म्हणजे मामांच्या डोक्यात तो खाटेवरचा मुंशी. आणि बाबा, जन्मभर पोरांना गणित शिकवणारे माझे बाबा, त्यांनीही त्या वेळी मामांचंच ऐकलं, कारण त्यांना ते ऐकायचं होतं.

मी मधात बोलली, "मोडा मग लग्न. दादाची नोकरी कशाले घालवता?"

आईनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "साक्षगंध मोडलेल्या पोरीले कोण विचारते? तोंड आवर तुझं."

दादा अंगणात बसला होता. बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "येतो मी परत. बाईचं लग्न एकदाच होते. दुकान काय, थोडं लवकर टाकू." आमच्याकडं भाऊ बहिणीला बाई म्हणतो. त्या हाकेपुढं माझं काही चाललं नाही.

तो कुवेतला परत गेला, गाडी घेतली आणि नेमाप्रमाणं वापरू लागला. इकडं पांढुर्ण्याहून निरोप आला, गाडी आली की मुहूर्त काढू. म्हणजे वरमाय तयार, वरबाप तयार, नवरदेव तयार, आणि मी सौंसरला बसून वाट पाहून राहिली, कुठल्या तरी वाळवंटात एक मोटारसायकल जुनी व्हायची. शेजारणी विचारायच्या, काहून गं, कधीची तारीख? मी म्हणायची, गाडीले विचारा. एकदा असं बोलली तर आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी दादा आला, व्हिसा रद्द करून, बिऱ्हाड गुंडाळून. गाडी जहाजानं मुंबईच्या गोदीत उतरली. बाबा आणि मामा त्याच्यासोबत ती सोडवायला गेले. मामांनी सोबत काय न्यावं? संत्र्याची पेटी! मोहगावच्या बागेतली निवडक, गवत घालून भरलेली. नागपूरपर्यंत बसच्या टपावर, पुढं रेल्वेत पायाशी. कस्टमच्या साहेबासाठी.

पुढचं मला दादानं सांगितलं. साहेब सभ्य माणूस होता. त्यानं पेटीकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि शिपायाला म्हणाला, "हे बाहेर ठेवा." मग बाबांना खुर्ची दिली आणि हिशेब समजावून सांगितला. गाडीची किंमत, तिच्यात जहाजाचं भाडं, विमा. त्या बेरजेवर ड्युटी. ड्युटी धरून जी नवी बेरीज होते तिच्यावर पुन्हा दुसरी ड्युटी. बाबांनी पोरांना शेकडेवारी शिकवण्यात जन्म घातला होता. शेकड्यावर शेकडा चढताना पाहून त्यांनी साहेबालाच विचारलं, "पण मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त कसा होईल?"

साहेब म्हणाला, "गुरुजी, परदेशी माल कोणी आणूच नये म्हणून तर हा कर आहे. तुम्ही का आणला, हे मी तुम्हालाच विचारतो."

बाबा काय सांगणार? लेकीच्या लग्नासाठी, असं मोठ्यानं म्हटलं असतं तर तिथले हमालही हसले असते. हमालांनी ती संत्री मात्र खाल्ली, गोड निघाली म्हणे. तीन दिवस मामांचा भाचा, म्हणजे आमचा दादा, या खिडकीतून त्या खिडकीत फिरला. गोदीचं भाडं रोज चढून राहिलं होतं. शेवटी त्यानं बँकेतून दुकानासाठी साठवलेलं सगळं काढलं आणि भरलं. मोटारसायकल सुटली.

मला राग कोणाचा येतो? आजही ठरवता येत नाही. सरकारचा येतो. घाम गाळून आलेल्या फिटरला आणि चोरून सोनं आणणाऱ्या शेठला एकच दार, हा कुठला न्याय? पण सरकारनं काही फसवलं नव्हतं, आधीच सांगितलं होतं. राग बाबांचा येतो, मामांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या चहाच्या कपाचा येतो जो हातात धरून माझ्या सासऱ्यांनी भाव विचारला. लग्नाच्या दिवशी मांडवाबाहेर लोकांचं कोंडाळं होतं ते नवरीला पाहायला नाही, गाडी पाहायला. लाल टाकी, चमचमते आरसे. नवरीकडं बायांनी पाहिलं तेवढंच.

सासरी गेली तर पहिल्याच महिन्यात सासूबाई बोलल्या, "गाडी दिली म्हणे! कागदावर तर भावाचंच नाव." नियम होता, इलाज नव्हता, पण त्यांना वाटायचं दादानं मुद्दाम ठेवलं. गाडीचा काही भाग मोडला की तो इथं कुठं भेटायचा नाही. पांढुर्ण्याचा मिस्त्री हात लावायलाही घाबरायचा. मग दादाला निरोप. दादा सौंसरहून बसनं यायचा, ओट्यावर बसून गाडी उघडायचा, स्वतः घासून-घासून पुर्जे बसवायचा, जेवून परत जायचा. कधी कोणी त्याला भाड्याचं विचारलं नाही. गाडी सुरू नाही झाली की आमचे हे किक मारून-मारून घामाघूम व्हायचे आणि मग माझ्या माहेराचा उद्धार व्हायचा. एकदा तर जेवणाचं ताट भिरकावलं.

आणि गंमत पुढंच आहे. दोन-अडीच वर्षं झाली नसतील, जपानी बनावटीच्या गाड्या आपल्या देशातच तयार होऊ लागल्या. नागपूरच्या दुकानात काचेआड उभ्या. ना ड्युटी, ना गोदी, पुर्जे पाहिजे तेवढे. माझे सासरे जेवताना म्हणाले, "तुमच्या लोकांनी उगाच घाई केली. थोडं थांबते तर इथंच भेटली असती." घाई आम्ही केली! त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलली. त्यानंतर महिनाभर माझ्याशी त्या घरात कोणी धड बोललं नाही. बरं झालं, शांतता होती.

दादा पुन्हा कुवेतला जाऊ शकला नाही. एजंटला द्यायला पैसा हवा, आणि पैसा सगळा सासऱ्यांच्या ओट्यावर उभा. तो सौंसरला दुसऱ्याच्या दुकानात मोटरपंपाची वायंडिंग करायचा. स्वतःचं लग्न त्यानं पुढं-पुढं ढकललं, मग लोकांनी विचारणंच सोडलं.

न विकण्याची मुदत संपली तसा त्याला सासरहून खास निरोप आला. नागपूरचा कोणी शौकीन ती गाडी घ्यायला तयार होता, दादानं फक्त सही करायची. तो आला. बैठकीत कागद मांडले होते. मी पाणी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, सही नको करू. गाडी घेऊन जा तुझी. विक आणि दुकान टाक."

सासूबाई ओरडल्या, "पाहा, सून कशी मधात बोलून राहिली!" ह्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात रात्री काय होईल ते सगळं होतं. दादानंही ते पाहिलं असावं. त्यानं पेन उचललं आणि जिथं-जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. सासऱ्यांनी खूश होऊन त्याला दुपट्टा-नारळ दिला.

स्टँडवर सोडायला कोणी उठलं नाही. मीच डोक्यावर पदर घेऊन त्याच्यासोबत चालत निघाली. कोण काय म्हणते ते म्हणो. सौंसरची बस लागली होती. दादा चढला, खिडकीशी बसला, बाहेर वाकला.

"बाई, एक विचारू? तू सुखात आहे ना?"

मी भांडखोर बाई. बाबांशी भांडली, सासऱ्यांशी भांडली, भाजीवालीलाही मी सोडत नाही. त्याच्या मांडीवर तो दुपट्टा होता, हाताला वायंडिंगच्या तारांनी पडलेले काप होते. नाही म्हटलं असतं तर कुवेत, दुकान, संसार, सगळं त्यानं कशासाठी घालवलं हे त्या माणसानं त्या बसमध्ये बसून एकट्यानं स्वतःला विचारलं असतं.

"आहे ना," मी म्हटलं. "लय सुखात आहे."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथंच रडू फुटलं. त्याला वाटलं, भाऊ चालला म्हणून रडते.