टॉवेलात धरलेला जिताडा

शाहूपुरीत माझं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. समुद्राशी आमच्या खानदानात कुणाचा काडीचा संबंध नव्हता. आणि मला, चांगल्या चाळिशी ओलांडलेल्या गड्याला, गळाचा नाद लागला! तोही रंकाळ्यावर बसून वेळ घालवण्यातला नव्हे, तर घाट उतरून देवगडच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी जिताडा मासा पकडण्याचा.

एक गिऱ्हाईक पुढं दोस्त झालं, त्यानंच हे खूळ लावलं. पन्हाळ्याकडचा शेतकरी गडी, चार म्हशी, खायला खमक्या. पहिल्याच खेपेला रॉड माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "धर मालक, सोडू नगो." मासा लागला. रीळ किर्रर्र करून फिरलं आणि दोरी माझ्या बोटांतून थेट काळजापर्यंत ओढली गेली. काय सांगू तुम्हाला, लग्नातसुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. त्या दिवसापासून माझे शनिवार घाटाखाली जायला लागले.

घरी प्रश्न आला अव्वाचा. अव्वा म्हणजे माझी आई, निपाणीकडची. तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "जा की. पर जीव घ्यायचा न्हाई कुणाचा." मी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. मासा धरायचा, गळ काढायचा, फोटो काढायचा, सोडायचा.

पण गळ काढायचा तर मासा हातात धरावा लागतो. रोज सकाळी ज्या डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतो, त्याच हातानं मासा धरायचा? छे! मग मी शक्कल काढली. कबनूरला आमच्या पावण्यांचे माग आहेत. त्यांच्याकडून चांगले जाडजूड टॉवेल आणले. मासा वर आला की कोरड्या टॉवेलात घट्ट गुंडाळायचा, बोट लागू द्यायचं नाही. हात निर्मळ आणि मासाही जिवंत, असा माझा हिशेब.

दोस्त आपला मासा बर्फात टाकायचा आणि मला डिवचायचा, "तांबड्या रश्श्याची वाटी नाकाला लावून परत देणारा माणूस बघितला न्हवता बाबा, त्यो तूच." मीही कमी नाही. परतीच्या वाटेवर गगनबावडा येईपर्यंत त्याला जीवदयेवर भाषण द्यायचो. तो बिचारा गाडी चालवत ऐकून घ्यायचा. एवढी फुशारकी मी कशाच्या जोरावर मारत होतो, हे आठवलं की आज स्वतःच्याच दोन मुस्काटात द्याव्याशा वाटतात.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मग एकदा नेहमीचा होडीवाला आजारी पडला आणि दुसरा आला, साठीचा, कमी बोलणारा. स्वतः मासेमारीत जन्म गेलेला, पण लहान मासा आणि पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली मादी हमखास परत सोडणारा. मी जिताडा टॉवेलात धरला, चार फोटो काढले आणि सोडला. मासा शेपूट मारून गेलासुद्धा. म्हातारा टॉवेलाकडं बघत म्हणाला, "पावण्यानू, ह्यो मासो जगूचो नाय."

माझं डोकंच फिरलं. "का न्हाई? तुमच्यासमोर पोहत गेला की!"

त्यानं टॉवेल उचलून माझ्यापुढं धरला. त्यावर चिकट, चकाकता थर होता. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच त्याचं रोगापासून राखण करणारं कातडं, तेच मी पुसून काढलं होतं, असं त्याचं म्हणणं. मला पटेना. वाद नको म्हणून त्यानं पुढचे दोन मासे आपल्या खाडीतल्या पिंजऱ्यात नेऊन ठेवले. एकाचा गळ त्यानं ओल्या हातानं, पाण्यातच काढला. दुसरा माझ्या टॉवेलातला.

चौथ्या दिवशी दुकानात असताना मोबाईलवर फोटो आला. त्याचा मासा पिंजऱ्यात फिरत होता. माझा मेला होता. दोन्ही कुशींवर पांढरी बुरशी चढली होती, बरोबर माझ्या पंजांएवढी. समोर गिऱ्हाईक मोटारीचं बुश मागत होतं आणि मला ऐकूच येईना. एवढ्या वर्षांत मी हौसेनं सोडलेले सगळे मासे डोळ्यांपुढं आले.

गळ बंद केला. घरी सांगितलं, कंबर धरलीय. दोस्तालाही तेच.

पण मन कुठं ऐकतंय! शनिवार आला की जीव खालीवर व्हायचा. घाटातलं धुकं, खाडीच्या चिखलाचा तो खारट कुबट वास, भरती फिरताना पाण्याला येणारी सळसळ, सगळ्यासाठी तळमळायचो. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एक जुनं रीळ होतं. गिऱ्हाईक नसलं की हातानंच ते फिरवायचो. किर्रर्र. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "शेट, घड्याळाला चावी देताय व्हय?" चार वर्षं मी असा सुकत होतो आणि अव्वा बघत होती.

शेवटी एके सकाळी तिनं पूजेवरून उठता उठता विचारलं, "कंबर बिंबर काय न्हाई तुझी. दर्यावर का जाईनास?"

मी सगळं सांगितलं. टॉवेल, थर, फोटो, सगळं. शेवटी म्हणालो, "तुला शब्द दिलता ना अव्वा. तुझ्यासाठीच हात लावत न्हवतो."

ती भडकली. माझ्यावर एवढं चिडलेलं मी तिला क्वचितच पाहिलं असेल. "माझ्यासाठी? मी जीव घेऊ नगो म्हणलं हुतं. हात लावू नगो कवा म्हणलं रं? हात काय, धुतला की झालं! तेवढ्यासाठी इतके जीव घालवलास, आन् वर माझं नाव लावतोस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती तशीच आत गेली.

मी उंबऱ्यावर बसून राहिलो. चार वर्षं समुद्रासाठी झुरलो होतो. त्या घटकेला समुद्र आठवेनासुद्धा. मी सोडलेल्या त्या माशांतला एकच, कुठलाही, परत हाताशी यावा असं वाटत होतं. उघड्या, ओल्या हातानं त्याचा गळ पाण्यातच काढला असता आणि त्याला जाऊ दिलं असतं.