लखलखराव आणि दवाखान्यातला दिवा

यंत्रांच्या सुट्या भागांना मुलामा देणाऱ्या त्या कारखान्यात, कशावर कोणता मुलामा चढवायचा हे ठरवणाऱ्या गृहस्थांना सगळे लखलखराव म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर सगळे ‘साहेब’च म्हणायचे; पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गिऱ्हाईक बिजागरी घेऊन येवो की नळाची मान, लखलखराव ती वस्तू खिडकीपाशी नेत, उलटसुलट करून बघत आणि निकाल देत, “खाली निकेल, वर क्रोम. अशी चमकली पाहिजे की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत!”

“साहेब, हा तुकडा यंत्राच्या पोटात जाणार. कुणाला दिसणारसुद्धा नाही,” असं एकदा एकजण म्हणाला.

“म्हणून काय त्यानं गबाळं राहायचं?” लखलखराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

घरात दाराच्या कड्यांपासून कपडे टांगायच्या खुंट्यांपर्यंत सगळं झगझगत होतं. बायको म्हणायची, “जिकडे बघावं तिकडे मीच. दुपारी जरा पडावं म्हटलं तर चारी बाजूंनी मीच माझ्यावर नजर ठेवून!”

त्यांच्या मेहुण्याचा दातांच्या दवाखान्यासाठी दिवे बनवायचा नवा धंदा होता. पेशंटच्या तोंडावर ओणवा होणारा मोठा दिवा आणि त्याला धरणारा जाडजूड वाकडा दांडा. पहिला दांडा तो मुलाम्यासाठी घेऊन आला.

“भाऊजी, मंदसा मुलामा द्या,” तो म्हणाला. “दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, चमक नको.”

“त्यांना दातातलं कळतं, धातूतलं नाही,” लखलखराव म्हणाले. “दवाखाना म्हटला की स्वच्छता आली. मंद दांडा बघून पेशंटला वाटेल, पुसलाच नाहीये.”

बहिणीच्या नवऱ्यापुढे मेहुणा काय बोलणार? दांडा आरशासारखा होऊन दवाखान्यात गेला.

काही दिवसांनी मेहुणा पडलेल्या चेहऱ्यानं हजर. “भाऊजी, पेशंट खुर्चीतून उठून पळताहेत. एक बाई तर गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर गेल्या. डॉक्टरीणबाई दिवा परत घेऊन जा म्हणतात.”

“दाताला भिऊन पळत असतील. त्यात माझ्या क्रोमचा काय दोष?”

“तुम्हीच येऊन बघा.”

आता लखलखराव जरा चपापले. गेले कितीतरी दिवस उजवीकडची एक दाढ त्यांचा जीव खात होती. ते गुपचूप डावीकडून चावत आणि जेवताना तोंडातून अवाक्षर काढत नसत. बायकोला वाटत होतं, वयानुसार माणूस निवळला. दातांच्या दवाखान्याचं नाव निघालं की ते विषय बदलायचे. पण मुलाम्याच्या अब्रूचा प्रश्न होता. ते गेले.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हसऱ्या आणि कामाला पक्क्या होत्या. “उभं राहून काय दिसणार?” त्या म्हणाल्या. “पेशंटसारखं आडवं व्हा.”

लखलखराव आडवे झाले. बाईंनी दिवा लावून खाली ओढला.

“झकास आहे की,” लखलखराव म्हणाले.

“तोंड उघडा. पेशंट तोंड मिटून पडत नाहीत.”

त्यांनी आ केला आणि वर बघितलं. वाकड्या क्रोममध्ये कपाळ नाहीसं झालं होतं, नाकपुड्या दोन बोगद्यांएवढ्या दिसत होत्या आणि त्यांच्याखाली एक अक्राळविक्राळ लाल गुहा पसरली होती. तेवढ्यात बाईंनी हातात बारीकशी सळई घेतली. दांड्यात ती भाल्याएवढी होऊन गुहेकडे निघाली. लखलखरावांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. उठून पळावं, तर दाराशी मेहुणा उभा.

“अरेरे!” बाई म्हणाल्या. “ही दाढ कधीपासून दुखतेय?”

“ऑं… ऑं…”

“भाऊजी! ताईला ठाऊक आहे?”

लखलखरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. दाढ काढायची तारीख ठरली आणि त्याच खुर्चीत, घाम पुसत, त्यांनी दांडा परत न्यायचं कबूल केलं.

कारखान्यात त्यांनी क्रोम उतरवायला सांगितलं, तेव्हा पॉलिशवाला, आपण चुकीचं ऐकलं की काय, असं बघत राहिला. “साहेब, उतरवायचं? तुम्ही सांगताय?” पण लखलखराव हट्टाला पेटले होते. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून त्यांनी धातू आधी एकसारखा खरबरीत करून घेतला आणि त्यावर मंद निकेल चढवलं. नमुने तीन केले, एकापेक्षा एक निस्तेज. ते घरी आणून पलंगावर टांगले आणि बायकोला खाली झोपवलं.

“आ कर. काय दिसतंय?”

“मी.”

“आणि ह्यात?”

“मीच, पण धुक्यातली.”

“आता?”

“काही नाही. छताला जळमट लागलंय तेवढं दिसतंय. पण अहो, हे काय चाललंय?”

“धंद्याचं आहे,” असं म्हणून त्यांनी तिसरा नमुना पक्का केला.

नवा दांडा दवाखान्यात बसला आणि पेशंट खुर्चीत टिकू लागले. बाईंनी त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन डॉक्टरांना दिवा दाखवला, मेहुण्याचं काम मार्गी लागलं. लखलखरावांची दाढ त्याच दिव्याखाली निघाली. वर बघितलं तर नुसता शांत, राखाडी दांडा. घाबरायचं ते घाबरलेच, पण निदान स्वतःला घाबरताना बघावं लागलं नाही.

मेहुण्यानं त्यांना घरी पोचवलं. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. बायकोनं दारातच विचारलं, “हे काय झालं?” मग मेहुण्यानं दारात उभं राहूनच सगळी कथा सांगितली. त्याच्या सांगण्यात लखलखराव खुर्चीतून दोनदा पळाले होते, एकदा आईच्या नावानं ओरडले होते आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटाला चावले होते.

“अं हं! अं हं!” लखलखराव हात हलवत राहिले.

“बघ ताई,” मेहुणा म्हणाला, “हो म्हणताहेत.”

बायको उंबरठ्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग उठून नवऱ्याचा दंड धरून आत नेत म्हणाली, “मला वाटलं होतं, माणूस निवळला. दुखत होतं तर सांगायचं नाही का हो?”



लखलखरावांनी बोळ्याआडून काहीतरी उत्तर दिलं. ते कुणालाच कळलं नाही.