एक रात्र काशीबाहेर

विमानतळावर नोकरी करते म्हटलं की लोकांना वाटतं मी गणवेश घालून काउंटरवर उभी असते. लग्नात भेटलेल्या बायका तर थेट खिडकीजवळची जागा मागतात. माझं काम त्याहून रटाळ आहे. वाराणसीहून विमानं कुठं कुठं जावीत, यासाठी विमान कंपन्यांच्या मागं लागायचं, हे माझं काम. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे माणसांचा नुसता पूर आलाय. यात्रेकरू, लग्नाची वऱ्हाडं, फिरायला येणारी तरुण मंडळी. पण माणसं वाढली म्हणून मार्ग आपोआप वाढत नाहीत. पुण्याचा माणूस दिल्लीत उतरतो, सामान ओढत दुसरं विमान पकडतो आणि कसाबसा काशीला पोचतो. तो पोचला, एवढंच कंपनीला दिसतं. त्याचे हालही तिला दिसावेत म्हणून मी तक्ते करत बसते.

पुण्याच्या थेट विमानासाठी मी जितकं डोकं फोडलं, तितकं दुसऱ्या कुठल्याच मार्गासाठी फोडलं नाही. बैठकीत मी नोकरदारांबद्दल बोलायची, विद्यार्थ्यांबद्दल बोलायची, श्राद्धासाठी येणाऱ्या कुटुंबांबद्दल बोलायची. सगळं खरंच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर असायची ती माझी आत्या.

आत्या बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली तेव्हा बाबा इतके लहान होते की त्यांना आईचा चेहरा आठवत नाही. त्यांना भरवलं, नहाऊ घातलं, शाळेत पोचवलं ते आत्यानं. लग्न होऊन ती पुण्याला गेली, तरी दरवर्षी रेल्वेनं यायची आणि आल्या आल्या बाबा वाळलेत म्हणून आईशी भांडायची. पुढे तिचे गुडघे गेले. रेल्वे सुटली. दिल्लीला विमान बदलायचं, त्यात चाकाची खुर्ची, हे तिच्या मुलाला झेपेना. भावाबहिणीचं मग फोनवरच सुरू राहिलं.

बाबांनी का जाऊ नये, असं कुणीही विचारील. त्याला कारण आहे. आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. काशीत आम्ही किती पिढ्या आहोत हे विचारलं तर बाबा एक आकडा सांगतात आणि शेजारचे दुसरा. घरात मराठीच बोलतो, पण अशी की पुण्याचे पाहुणे तोंड फिरवून हसतात. बाबांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. आई गेली त्या वर्षी त्यांनी गंगेत उभं राहून क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे घर सोडलं नाही, भगवे कपडेही नाहीत. फक्त मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. काशीत मरण आलं तर मोक्ष, तेव्हा ऐनवेळी बाहेर सापडण्याची जोखीमच नको. ऐकणाऱ्याला हे पोथीतलं वाटतं. आमच्या घरात ते मधुमेहासारखं आहे, एकाला असतं आणि सगळ्यांना सांभाळावं लागतं. कुणाच्या मुंजीला बाबा नाहीत, कुणाच्या बारशाला नाहीत.

आणि काशीची सीमा म्हणजे पंचक्रोशीच्या परिक्रमेचा रस्ता. तो हरहुआच्या चौकात आमच्या विमानतळाकडं जाणाऱ्या रस्त्याला भेटतो. विमानतळ त्याच्या पुढं, बाबतपूरला. थोडक्यात, माझं ऑफिस मोक्षाच्या हद्दीबाहेर. बाबांनी ते कधी पाहिलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, “अहो, एवढ्या मोठ्या अक्षरांत वाराणसी लिहिलंय तिथं!” त्यावर म्हणाले, “लिहिलं म्हणून होत नसतं, बेटा. आमच्या गल्लीत एकाच्या दारावर वकील लिहिलंय.”

तर बाबा जाणार नाहीत, म्हणून आत्या यावी, यासाठी मला ते विमान हवं होतं. कंपनीनं अखेर ते दिलं. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले, आणि मी घरी येऊन आत्याच्या मुलाला फोन लावला.  तो म्हणाला, आई सकाळी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलंय. पुढचे दोन महिने शस्त्रक्रिया आणि अंथरूण यात गेले, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता प्रवासाचं नाव काढू नका. म्हणजे विमान आलं, पण ते आता उलट्या बाजूनंच उपयोगाचं होतं.

मी बाबांसमोर बसून सांगितलं, की पुण्याचं विमान दुपारी सुटतं आणि चहाच्या वेळेला पोचवतं. ते ऐकून घेत होते, याचंच मला नवल वाटलं.

“आणि परत?”

“परत दुसऱ्या दिवशी. विमान एकच आहे, तिकडून येतं आणि लगेच फिरतं. मतलब, एक रात्र तिकडे काढावी लागेल.”

सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सोय व्हावी म्हणून मी कंपनीशी किती हुज्जत घातली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या साहेबांना वाटलं मी व्यापाऱ्यांसाठी भांडतेय. कंपनीनं दिवसाला एकच फेरी दिली. त्यामुळं सगळं त्या एका रात्रीवर येऊन अडलं. बाबांचं हृदय नाजूक आहे. त्या एका रात्रीत, पुण्यात, काही झालं तर? इतकी वर्षं राखलेलं सगळं हातचं जाणार. याला हसणं सोपं आहे. मला हसता आलं नाही, कारण त्यांचा त्यावर श्वासाइतका विश्वास आहे.

ते शिंदे घाटाजवळच्या शास्त्रीबुवांना विचारायला गेले. मीही सोबत गेले. शास्त्रीबुवा बाबांहूनही म्हातारे, कानानं अधू, पण अशा प्रश्नानं त्यांना तरतरी येते. आधी दोघांनी आकाशावर बराच वेळ घालवला. विमान वर गेल्यावर सीमा उरते का? शास्त्रीबुवा म्हणाले, आकाशाचं नंतर बघू, विमानात चढायला आधी हरहुआ ओलांडावंच लागतं ना? मग विषय संपला.

“पुन्हा संकल्प घेता येईल?” बाबांनी विचारलं.

“येईल असं सांगणारे दहा भेटतील. मी सांगणार नाही. मोडलेलं ते मोडलेलंच.” मग थांबून हळूच म्हणाले, “पण मास्तर, मला मोठी बहीण नव्हती. तुमचं दुखणं मला कसं कळणार?”

 घरी येताना बाबा घाटावर टेकले आणि नावा बघत राहिले. मला राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा हे कळत नव्हतं. शास्त्राचा म्हणावा तर त्याच शास्त्रानं आई गेल्यावर त्यांना सावरलं होतं. आत्या स्वतःही फोनवर बजावत होती, “तू येऊ नकोस हं. माझ्यापायी तुझं पुण्य बुडायला नको. मला ते पाप नकोच.” बाबा तिला हो म्हणायचे. दोघंही एकमेकांचं भलं बघत होते आणि दोघंही झुरत होते.

असेच काही आठवडे गेले. पुण्याचं विमान छान भरून जात होतं, साहेब खूष होते, आणि मला त्या यशाचं सुख लागत नव्हतं. आमच्या गल्लीतलीसुद्धा माणसं त्या विमानानं जाऊन नातवंडं बघून आली.

मग एका रविवारी दुपारी बाबांनी नेहमीप्रमाणं आत्याला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा करून ठेवतात. मी भाजी निवडत शेजारीच होते. आत्याचा आवाज आला, पण सूर वेगळा होता. दबक्या आवाजात, कुणी झोपलेलं असलं की बोलतो तशी ती म्हणाली, “जेवलास का रे?”

“जेवलो, अक्का.”

“आणि आई? आई निजली का?”

ती माझ्या आजीबद्दल विचारत होती. बाबांनी फोन जवळ ओढला. मग तितक्याच हळू आवाजात म्हणाले, “हो. निजली.”

“मग दंगा नको करूस. मी आलेच.”

पलीकडून आत्याच्या मुलानं फोन घेतला. अलीकडे अधूनमधून असं होतं, म्हणाला. कधी आम्हाला ओळखते, कधी नाही. बाबांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं देवघरात जाऊन बसतील. ते म्हणाले, “तिकीट काढ.”

मी जायचं नि यायचं, दोन्ही काढलं. सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. हरहुआच्या चौकात नेहमीसारखीच गाड्यांची कोंडी होती. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. गाडी पुढं सरकली तसे डोळे उघडून म्हणाले, “झालं?” मी हो म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग थेट विमानतळापर्यंत ते मला रस्त्याकडेच्या नव्या इमारतींबद्दल विचारत राहिले. विमानतळाच्या दारात मला रडू फुटलं, तर मलाच दटावलं, की चारचौघांत काय हे, तुझे लोक बघतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आणायला मी लवकरच बाहेर येऊन उभी राहिले. एरवी पुण्याच्या विमानातून कोण उतरतंय याकडे मी धंद्याच्या नजरेनं बघते. त्या दिवशी मी देवाला एवढंच म्हणत होते, की ते सुखरूप घरी येऊ देत, मग पुढचं पुढं. विमान अजून पुण्याहून सुटायचं होतं तेवढ्यात त्यांचा फोन आला.

“मी निघालो नाही. तिकीट रद्द कर.”

“काय झालं? आत्या बरी आहे ना?”

“काल मला ओळखलं नाही तिनं. डॉक्टर समजली. रात्री जागा बदलली म्हणून मला झोप लागेना, तिच्या खाटेशी बसलो होतो. पहाटे डोळे उघडले आणि म्हणाली, किती वाळलास रे. मग पुन्हा विसरली.”

“मग दुसरं कधीचं काढू?”

“काढू नकोस.”

मला जे विचारायचं नव्हतं तेच मी विचारलं. “बाबा, आणि तिकडे तुम्हाला काही झालं तर?”

मागून आत्याचा आवाज येत होता. कुणाशी बोलतोयस, जेवण गार होतंय. बाबा तिला “आलो, आलो” म्हणाले. मग मला म्हणाले, “झालं तर होऊ दे. मी अक्काजवळ आहे.”