ड्रिलवरून काढा, नोकरीवरून कशाला काढता?

मला फिट येते.

हे मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. कारण आज सकाळी देवरे साहेब गेले. हार्ट अटॅक.

अंबडच्या ज्या कंपनीत मी इलेक्ट्रिक पॅनल बनवते, तिथले माझे पहिले सुपरवायझर. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आपल्यासारखंच बोलायचे, पण चिडले की अहिराणी सुरू.

जॉइन होताना फॉर्मवर ‘काही आजार?’ याच्यापुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं. आधीच्या शोरूममध्ये खरं सांगितलं, तर त्यांनी घरी बसवलं होतं. आणि घरात कमावणारी मी एकटी.

तिसऱ्या महिन्यात ड्रिल मशीनजवळच फिट आली. नशीब, मशीन बंद होतं.

शुद्धीवर आले तेव्हा नाकाला चप्पल.

आमच्याकडे सेफ्टी शूज सक्तीचे. त्यामुळे मी डोळे उघडल्यावर देवरे साहेबांचं पहिलं वाक्य होतं,
“आधी सांगा, प्लांटमध्ये चप्पल आणली कोणी?”

कोणाची होती, ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलले.
“काही दिवस घरी आराम करा. बरं वाटलं की बघू.”

‘बघू’ म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं.

साहेब शेजारी उभे होते.
“सर, तिला ड्रिलवरून काढा. नोकरीवरून कशाला काढता?”

बरीच वादावादी झाली. शेवटी एक महिना मिळाला. मग बघू.

बाहेर आल्यावर साहेब माझ्यावरच भडकले. “फॉर्मवर खोटं का लिहिलं? मशीन चालू असतं म्हणजे?”
मी रडायला लागले.
“रडू नको. तुझा डॉक्टर कुठे बसतो ते सांग.”

आणि माझ्याबरोबर खरंच आले! खिशातून डायरी काढून प्रश्न सुरू. पाना चालेल का? सोल्डरिंग? जिना? नाइट शिफ्ट? स्टूलवर चढली तर?

डॉक्टर म्हणाले, “आपण वडील का?”
“नाही. सुपरवायझर.”
डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं.

मग म्हणाले, फिरतं मशीन नको, उंची नको, नाइट नको, गोळी वेळेवर. वायरिंगचं टेबल चालेल.

आल्या आल्या साहेबांनी बोर्डावर लिहिलं, ‘उद्या ११ वाजता ड्रिल.’
मेंटेनन्सवाला दुसऱ्या दिवशी सगळे ड्रिल बिट घेऊन हजर.

फिट आल्यावर काय करायचं, त्याची प्रॅक्टिस होती. पेशंट व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा साहेब स्वतः जमिनीवर आडवे झाले. हातपाय असे झाडले की मलाच भीती वाटली.

आमच्या सफाईच्या शिंदे मावशी, सायखेड्याच्या. त्या सवयीने डब्यातला कांदा फोडून धावल्या.

“मावशी, कांदा नको!” पेशंट ओरडला.
“फिट आलेला माणूस बोलत नसतो. गप पडा,” मावशी म्हणाल्या.

मग साहेबांनी पडल्या पडल्याच शिकवलं. धरून ठेवायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स.

नेमके तेव्हाच मॅनेजर सर पुण्याच्या कस्टमरना प्लांट दाखवायला आत आले.

साहेब घाईघाईत उठायला गेले, आणि कंबर धरली.

“मनी कंबर धरायनी! अरे, मनी कंबर!”

आम्हाला वाटलं, ॲक्टिंग. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मावशी घड्याळात बघून म्हणाल्या, “दोन मिनिटं झाली.”

साहेबांनी यापुढे जी अहिराणी ऐकवली, ती इथे लिहिता येणार नाही. मग आम्हाला पटलं.

माल वाहायच्या ट्रॉलीवर आमची जॅकेटं गोधडीसारखी अंथरून, चौघांनी त्यांना वर ठेवलं. कस्टमर भिंतीला चिकटून उभे. मॅनेजर सरांचा चेहरा लाल.

“देवरे, तुम्ही आता काही दिवस घरी आराम करा.”

मी आयुष्यात कधी वरच्या माणसापुढे बोलले नव्हते. कसं तोंडातून गेलं, माहीत नाही.
“आणि बरं वाटलं की बघू. हो ना सर?”

कस्टमर हसू दाबत म्हणाले, “हे पडले तरी काम शिकवत होते की हो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग देवरे साहेबांकडे.
“काय लागेल तुम्हाला?”
“पाठ टेकायची खुर्ची द्या. आणि हिचं टेबल कायम करा.”
हे ट्रॉलीवरून. आडवं पडून.

आठवड्यात दोन्ही झालं.

याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर मला कामावर दोनदा फिट आली. दोन्ही वेळा जाग आली ती कोणाच्यातरी घडी केलेल्या जॅकेटवर, कुशीवर. पाणी पिऊन, आराम करून, दुसऱ्या दिवशी परत टेबलावर. आज मी वायरिंग लाइनची लीडर आहे.

संध्याकाळी मी अमरधामला गेले, अंत्यविधीला. साहेबांचा मुलगा बेंगळुरूहून आलेला, आमच्यातल्या कोणालाच ओळखत नव्हता. एकेक जण पुढे होऊन ओळख सांगत होता.

“मी शुगरवाला. साहेबांनी माझी जेवणाची सुट्टी बदलून दिली होती.”
“मी डायलिसिसवाला. मंगळवार-शुक्रवार उशिरा यायचो.”
“मी मणक्यावाली.”

नावं कोणी सांगतच नव्हतं.

मुलगा गोंधळला. डोळे पुसत म्हणाला, “पप्पा पॅनलच्याच कंपनीत होते ना? की हॉस्पिटलमध्ये?”

सगळे रडता रडता हसले.

मग माझा नंबर आला. आजूबाजूला पन्नास-साठ माणसं होती, त्यात आमच्या गल्लीतली दोघं-तिघं.

“मी फिटवाली,” मी म्हटलं. मोठ्याने.

साहेब, मनापासून नमस्कार.
उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे.
येते.