एफएमची पट्टी

बाबांना कमी ऐकू यायचं. भरवेलीकडच्या एका खदानीत ते ड्रिल मशीन चालवत आणि त्या आवाजात वर्षं काढून कान मंद झाले होते. घरी कोणाला त्याचं विशेष वाटत नसे. खदानीच्या क्वार्टरांच्या आमच्या ओळीतल्या बहुतेक घरांतले बाप मोठ्यानंच बोलत. ड्रिलजवळ काम करणारी माणसं आवाजाच्या नादी लागत नाहीत, एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. बाबा घरीही तसेच. बोलणाऱ्याचं तोंड उजेडात असलं की त्यांचं काही अडत नसे.

अडायचं रेडिओपाशी. रेडिओला तोंड नसतं.

आम्ही सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात राहत होतो. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, बाजार हिंदी. मराठी फक्त घरात आणि संध्याकाळी रेडिओच्या नागपूर स्टेशनवर. ते मिडियम वेव्हवर लागायचं, पण इतक्या दूरवरून येताना वाटेत निम्मं सांडून यायचं. खरखर, मध्येच दुसरं एखादं स्टेशन, मग पुन्हा खरखर. मला त्यातून शब्द निवडता येत. बाबांना नुसती खरखरच कळे. म्हणून माय बल्बखाली बसायची, कान रेडिओला लावायची आणि बाबांकडे तोंड करून एकेक गोष्ट सांगायची. दिवसभर राबून तिचाही जीव थकलेला असायचा. बातम्या संपेपर्यंत तिचा घसा बसे.

"पाणी येते म्हणते. लाकडं आत घ्या."

"लाकडं घ्या असं रेडिओ म्हणते?"

"थो पाण्याचं म्हणते. लाकडाचं मी म्हणतो," माय म्हणायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा खदानीतले एक साहेब बदलून गेले. जाताना त्यांनी सामान विकलं. बाबांनी त्यांचा परदेशी ट्रान्झिस्टर आणला. त्याच्या काचेवर नेहमीच्या आकड्यांखाली आणखी एक पट्टी होती आणि तिच्या टोकाला लिहिलं होतं एफएम. साहेब बाबांना म्हणाले होते, ह्याच्यावर खरखर अजिबात नसते, समोर बसून कोणी बोलल्यासारखं ऐकू येतं.

समोर बसून. बाबांच्या मनात तेवढंच राहिलं.

पाळीवरून आले की हातपाय धुऊन ते ती पट्टी लावत. तिच्यावर काहीच नव्हतं. एकसारखा सूं आवाज, पाण्याच्या नळासारखा. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवत, मग परत. शेजारचे काका दारातून बघून म्हणत, "अरे, पोरगा कालेजात हाय ना तुहा? त्याले सांग, थो बोलावते स्टेशनले!"

बाबा हसून माझ्याकडे बघत. मला ते बघणं जड जाई. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. जे कोणालाच ठाऊक नसतं ते मला ठाऊक असणार, असं माय-बाबा दोघांनाही वाटे.

एकदा चहा देताना माय म्हणाली, तिला वाटलं बाबांना कळणार नाही, "ते स्टेशन येईन तं बरं होईन रे बाप्पा. माहा घसा तरी सुटंन."

बाबांची पाठ आमच्याकडे होती. पण मला माहीत होतं, त्यांनाही तेच हवं होतं. मला ते म्हणाले होते, "तुही माय बोलू बोलू थकून राह्यली."

मी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारायचं ठरवलं. विचारायला आठवडे लावले. वर्गात हात वर करायची हिंमत नव्हती. शेवटी सायकल स्टँडपाशी गाठलं. सर हिंदीत म्हणाले, "बेटा, एफएम सीधा जाता है, नज़र जैसा. ज़मीन से चिपककर नहीं चलता. नागपुर में लग भी जाए तो यहाँ तक कहाँ आएगा?" आपल्या देशात हे आत्ताच कुठे सुरू झालंय, तेही दूर दक्षिणेत. मिडियम वेव्हवरची लहान लहान स्टेशनंही एक दिवस एफएमवर येतील, असं त्यांनी सांगितलं.

"कब, सर?"

"जब आएँगे, तब," म्हणाले आणि सायकलीवर बसले.

घरी जाताना मला चढ नसलेल्या रस्त्यावरही चढ लागला. बाबांना तोंडासमोर सांगायचा धीर नव्हता आणि मोठ्यानं सांगायचं म्हणजे सगळ्या ओळीला ऐकू जाणार. त्या संध्याकाळी बाबा काटा फिरवत बसले होते, माय भाकऱ्या थापत होती. मी त्यांच्या समोर बसलो, पण मान वर झाली नाही. पुस्तकात बघत, हळूच म्हणालो, "बाबा, हे इथं येणार नाही. नागपूरला एफएम लागलं तरी इथं पोचतच नसते."

"काय म्हणून राह्यला तो?" बाबांनी मायला विचारलं.

माय तव्यावरची भाकरी तशीच ठेवून उजेडात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाबांकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हणते, दम धरा. येईन."

"असं का," बाबा म्हणाले. "हौ. धरतो मंग."

भाकरी करपली होती. मी पुस्तकाचं पान उलटलं. मायचं बोलणं दुरुस्त करायला पाहिजे होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही.

सकाळी आम्ही दोघं बरोबर निघालो. फाट्यावर त्यांचा रस्ता खदानीकडे वळायचा, माझा कॉलेजकडे. तिथं त्यांनी सायकल थांबवली.

"नाही येत ना ते?"

मीही पाय टेकला.

"मान खाली घातली तरी ओठ हालतेच ना, पोरा. वीस माणसाच्या गर्दीत, धुळीत वाचतो मी." मग पायडलवर पाय ठेवून म्हणाले, "मायले सांगू नोको. घसा बसला तरी खोटं बोलाले उठून आली ते."

त्या संध्याकाळी पाळीवरून आल्यावर त्यांनी नेहमीसारखी ती पट्टी लावली. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू नेला, परत आणला. माय परातीत पीठ घेता घेता थांबली.

"आलं का काही?"

"आज नाही," बाबा म्हणाले. "थकली असशीन तं राहू दे."

"नाही थकली," माय म्हणाली. हात पुसून ती बल्बखाली येऊन बसली आणि मी काटा खरखरीवर, नागपूरवर लावून दिला.