दक्षिण स्टँडवरचे व्याही

आमचे व्याही लॉकलन स्कॉटलंडहून डॉर्टमुंडला लेकीकडे राहायला आले, ते गळ्यात काळा-पिवळा मफलर गुंडाळूनच. स्टेशनवर मी मनात म्हटलं, चला, माणूस रीत जाणतो. जवळ गेल्यावर कळलं, मफलर त्यांच्या अलोआ गावच्या फुटबॉल टीमचा. रंग आमच्या बोरुसियाचेच, पण त्यांच्या मॅचला जेवढी माणसं जमतात तेवढी आमच्याकडे सॉसेजच्या रांगेत उभी असतात.

माझा थोरला भाऊ हान्नेस त्याच वर्षी वसंतात गेला होता. दक्षिण स्टँडवर, जिथे सगळे उभ्यानेच मॅच बघतात, तिथे माझ्या डाव्या हाताला लोखंडी कठड्यापाशी त्याची जागा. तरुणपणापासून तीच. त्याच्या हाताखाली कठड्याचा रंगसुद्धा घासून गेला होता. त्याचं वर्षभराचं तिकीट त्याच्या मुलाने, टॉर्स्टनने, सरळ आपल्या सासऱ्यांना, म्हणजे या व्याहीबुवांना, दिलं आणि माझं डोकं फिरलं.

"आत्या, तिकीट काय वाया घालवायचं?" टॉर्स्टन म्हणाला.

"घालव. तुझ्या बापाची जागा आहे ती, पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची नाही."

तिथे एकही खुर्ची नाही हे वेगळं. रागाच्या भरात सुचेल ते बोलते मी. आयुष्यभर ट्राम चालवली आहे, मऊ बोलायची सवय नाही.

पहिल्याच शनिवारी व्याहीबुवांनी गेटबाहेर बिअर घेतली आणि उभ्या उभ्या एका दमात संपवली. "अहो, हळू! आत न्या की," मी म्हटलं. त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं, "आत? आणि पोलीस?" त्यांच्याकडे म्हणे फुटबॉलच्या मैदानात बिअर नेली तर पकडतात. बिअर बनवणाऱ्या गावात जन्मलेला माणूस आणि ही दशा! आत चालते हे समजावूनही दर शनिवारी गेटपाशी तोच प्रकार. मॅच संपायला पाच मिनिटं उरली की कोटाची बटणं लावायला लागायचे, कारण गावाकडे शेवटची बस चुकायची. आम्ही दोन गोलांनी पुढे असलो तरी मान हलवत म्हणायचे, "आता हरता तुम्ही."

"व्याहीबुवा, अपशकुन करू नका हो," पलीकडून आमचा कालं ओरडायचा. कालं म्हणजे बेकरीवाला, हान्नेसचा जिवलग दोस्त.

पण एक गोष्ट मला खुपत होती. व्याही हान्नेसच्या जागेवर कधी उभेच राहिले नाहीत. मुंगी शिरायला जागा नसते अशा गर्दीत ते कालंला चिकटून अंग चोरून उभे राहायचे, आणि त्यांच्या-माझ्यामध्ये माणूसभर फट. म्हटलं, माझा शेजार नको असेल. नको तर नको!

नोव्हेंबरात त्यांची लेक एली माझ्याकडे आली. डोळे भरलेले.

"आत्या, बाबा नाताळात कायमचे परत जायचं म्हणताहेत. आई गेली, घर रिकामं. काय करणार तिथे एकटे? म्हणतात, इथे मी पाहुणाच."

मी कॉफी ओतत राहिले. जागा काही माझी नव्हती, हान्नेसची होती.

नाताळाआधीच्या शेवटच्या मॅचला व्याहीबुवा गेटपाशी थांबलेच नाहीत. आत येऊन म्हणाले, "आजची बिअरची फेरी माझी," आणि गर्दीत घुसले. हान्नेस असताना आमच्या ओळीची बिअर तोच आणायचा. तो गेल्यापासून ज्याची त्याने आणायची असं झालं होतं.

ते रांगेत असतानाच आमचे दोन गोल झाले. दोन्ही बघायचे हुकले बिचाऱ्यांचे. वरच्यांनी आनंदात उडवलेली बिअर डोक्यावरून निथळते आहे, हातात पुठ्ठ्याचा ट्रे, असे ते परत आले. कालंला पेला दिला, टॉर्स्टनला दिला, मला दिला, स्वतः घेतला. ट्रेमध्ये एक पेला उरला.

"चारच जण आहोत की हो! ऊन लागलं का डिसेंबरात?" कालं हसला.

"आमच्याकडे फेरी आणली की उभ्या असलेल्या सगळ्यांची आणतात," व्याही म्हणाले आणि वाकून त्यांनी तो पेला त्या फटीत, पायरीवर ठेवला. "हा हान्नेसचा. त्यांना धक्का लागू नये म्हणून इतके दिवस बाजूला उभा राहिलो. आता निघायचं, तर पाजून निघावं."

टॉर्स्टन भलतीकडे बघायला लागला. मला हान्नेस आठवला, आणि या ओल्या म्हाताऱ्याची इतकी माया वाटली की काय सांगू. पण तोंडातून निघालं ते नेहमीसारखंच.

"हान्नेसला कोमट झालेली चालायची नाही. उचला तो. आणि इकडे सरका, तिथून अर्धं मैदान दिसत नाही."

"विहीणबाई, पण ही जागा..."

"फेरी आणतो त्याची ही जागा. जानेवारीत पुढची मॅच आहे. तेव्हा काय मी म्हातारीने रांगेत उभं राहायचं?"

ते सरकले. हान्नेसचा पेला त्यांनी एका दमात नाही, घोट घोट घेत संपवला.

पाच मिनिटं उरली तसा त्यांचा हात सवयीने कोटाच्या बटणांकडे गेला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. हात तिथे घुटमळला, मग खाली आला आणि कठड्यावर टेकला, रंग घासून गेला होता तिथेच.

"आता हरतो आपण," व्याहीबुवा मान हलवत म्हणाले.